पाट इले

गेल्या जूनमध्ये केवायसीसाठी बँकेत गेले होते. खिडकीपलीकडचा मुलगा नवीन, घाटावरचा असावा. आमच्याकडचा पाऊस पहिल्यांदाच बघत असल्यासारखा मधूनमधून दाराकडे पाहत होता. नाव, पत्ता, पॅन झालं. मग म्हणाला, "मॅडम, व्यवसाय?"

"चित्रकार."

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. निथळती छत्री, पायात रबरी चपला, आणि हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. मासेमारी बंदीचे दिवस, बाजारात ताजं काही नव्हतं. त्या पिशवीमुळे माझ्यामागची रांग दोन पावलं मागे उभी होती हे मला उशिरा कळलं. "म्हणजे ड्रॉइंग टीचर का?" त्याने विचारलं. म्हटलं, शिकवतेही, पण व्यवसाय चित्रकार. त्याने पडद्यावरची यादी वरून खाली सरकवली. शेती होती, नोकरी होती, व्यापार, निवृत्त, विद्यार्थी, गृहिणी. चित्रकार कुठेच नव्हता. तो जरा ओशाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "गृहिणी टाकू का? त्याला पुढे काही विचारत नाही."

हट्टाने 'इतर' टाकायला लावलं. त्यावर उत्पन्नाचा पुरावा मागितला गेला आणि मला आणखी दोन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला तो मुलगाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही चित्रकार वाटत नाही हां." चांगल्या अर्थाने म्हणाला असावा.

हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. चित्रकार वाटायचं म्हणजे काय करायचं, ते साधारण पाठ झालंय. रात्री जागायचं. वेळ पाळायची नाही. जेवण विसरायचं. पुरुष असाल तर दाढी, झोळी आणि संध्याकाळी दोन पेग. बाई असाल तर हातमागाची साडी, रुपयाएवढं कुंकू आणि मोडलेला संसार. यातलं माझ्याकडे काहीच नाही. वेंगुर्ला ते शिरोडा रस्त्यावरच्या एका वाडीत राहते. यजमान एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. आणि जेवण विसरणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

माझा दिवस साडेपाचला सुरू होतो, कारण विहिरीवरचा पंप आमच्याकडे आणि शेजारी निम्मा निम्मा आहे आणि आमची पाळी सहाची. झाडलोट, चहा, यजमानांच्या साखरेच्या गोळ्या. नऊला पडवीत बसते ती एकपर्यंत. पडवी उत्तरेला आहे. छपरात चार कौलं काचेची बसवून घेतली आहेत, त्यातून उजेड थेट टेबलावर उतरतो. मध्ये अकराच्या सुमारास पेज, सोबत खारातली मिरची नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पेज प्यायल्यावर अर्धा तास हात फार चांगला चालतो. मुंबईच्या चित्रकारांना हे सांगितलं तर हसतात, पण त्यांनी उकड्या तांदळाची पेज प्यायलेली नसते. दुपारी झोप. ती मी कोणासाठीही मोडत नाही. साडेचारला मुलं येतात, सहाला जातात. मग हिशेबाची वही.

एवढंच. या दिवसावर कोणी सिनेमा काढणार नाही.

मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक सात गुणांसाठी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढीव मिळतात, 'बी'ला पाच, 'सी'ला तीन. पालक मला पहिल्या दिवशी हेच विचारतात: सात मिळतील ना? मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. सात गुणांच्या आशेने का होईना, बारा-तेरा वर्षांचं पोर आठवड्यातून तीन दिवस एका तांब्याकडे टक लावून बसतं. तांब्याचं तोंड गोल असतं पण दिसतं लांबट, हे त्याला एक दिवस अचानक कळतं. त्या दिवशी त्याचा चेहरा मी बघून ठेवते. ते सातात मोजलं जात नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझं निम्मं काम पावसाने केलेलं आहे आणि श्रेय मी घेतलं आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घरातलं सगळं ओलं असतं. मीठ, आगपेटी, उशा, माणसांची डोकी. जलरंगाचा कॉटन कागद मुंबईहून कुरिअरने येतो, महाग असतो, आणि कोरडा ठेवला नाही तर त्याची खळ मरते. मग रंग टाकला की टीपकागदावर पडल्यासारखा जागोजागी आत बसतो, काही केल्या हलत नाही. कागदाच्या कपाटात मी चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटता ठेवते. एलईडी या कामाला निरुपयोगी, त्याला ऊबच नाही. ते जुने बल्ब आता बाजारात फारसे मिळत नाहीत. कणकवलीच्या एका दुकानदाराकडे शिल्लक होते ते सगळे मी उचलले. चित्रकाराच्या घरी लोक दुर्मीळ पुस्तकं बघायला येतात, माझ्याकडे दुर्मीळ बल्ब आहेत.

तर जुलैत पातळ रंगाचा एक वॉश दिला की तो सुकायला दुपार होते. ओल्यावर ओलं पडतं, कडा विरघळतात, झाड आभाळात जातं, आभाळ खाजणात उतरतं. मे महिन्यात उलट, कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकलेलं असतं. म्हणून मी मे महिन्यात ॲक्रिलिक करते आणि पावसात जलरंग. काही वर्षांपूर्वी माझ्या पावसाळी चित्रांबद्दल एका जाणकाराने लिहिलं होतं की त्यांत अस्तित्वाच्या धूसर सीमारेषांचा शोध आहे. मी ते कात्रण जपून ठेवलंय. यजमानांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पंख्याखाली ठेवलं असतंस तर शोध लागला नसता."

मुंबईहून येणारे पाहुणे पडवीत उभे राहून एक प्रश्न हमखास विचारतात. "मूड आला की काढता ना?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाबांनी देऊन ठेवलंय. आमची गणपतीची शाळा होती. आता चुलतभावाचा मुलगा चालवतो. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा, घराशेजारची एक लांबट माटवासारखी खोली, खाली सारवलेली जमीन, तीन बाजूंना फळ्या. नागपंचमीच्या आसपास लोक आपापले पाट आणून द्यायचे. तालुक्याला मूर्ती तयार मिळतात, हव्या त्या उचलाव्या. आमच्याकडे अजूनही घराचा पाट शाळेत जातो आणि त्याच पाटावर बसून गणपती घरी येतो. पाटाच्या पाठीवर घराचं नाव, कधी खडूने, कधी खिळ्याने कोरलेलं. काही पाट तीन पिढ्यांचे, मधोमध खोलगट झालेले. पाट आला की बाबा तो उलटा करून नाव वाचायचे आणि फळीवर सरकवायचे. तोच करार. कागद नाही, आगाऊ रक्कम नाही. नेताना पाटावर विडा, नारळ आणि ज्याला जे जमेल ते.

साठेक पाट असायचे. माती तुडवून मळून ठेवलेली, ती पोटऱ्यांत आणि मनगटांत भरायची. मग मूर्ती उभी राहायची, सुकायची, आणि श्रावणाच्या दमट हवेत सुकायचीही नाही. तेव्हा शेगड्या पेटवून ठेवायच्या. मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी. माझ्याकडे उंदीर असायचे. वयाच्या आठव्या वर्षापासून मी दर वर्षी साठ उंदीर रंगवले आहेत, शेपटीसकट. दहावीच्या वर्षी एका दुपारी मी कुंचला टाकला आणि म्हटलं, बाबा, आज मूड नाही. हा शब्द मी कुठल्यातरी दिवाळी अंकात नुकताच शिकले होते. बाबांनी वर न बघता विचारलं, "काय नाय?" मी पुन्हा म्हटलं. त्यांनी हातातल्या सोंडेला शेवटचा वेढा दिला आणि म्हणाले, "चवथीक सांगून ये. थांबता काय बघ."

उंदीर झाले.

कोकणातली चित्रकला, शिल्पकला, नाटक, जे काही जुनं आहे ते सगळं असं तारखेला बांधलेलं आहे. दशावतारी नटाबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. जत्रेच्या रात्री तो पेटाऱ्यावर बसून, हातातल्या आरशात बघत स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. लेखी संहिता नसते. कथा ठरलेली, बोलणं त्याच वेळी सुचेल तसं. पहाटेपर्यंत राज्य करतो आणि सकाळी कुठल्यातरी बागेत माडाला आळी करत असतो. त्याला कोणी विचारत नाही की तुम्हाला स्फूर्ती कशी येते. येते, कारण समोर अख्खा गाव बसलेला असतो.

सावंतवाडीच्या गंजिफा बघा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावताराच्या एका संचात 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा. त्यातली दोन चित्राची, राजा आणि प्रधान. उरलेल्या दहांवर एकापासून दहापर्यंत खुणा. मत्स्याची खूण मासा. म्हणजे फक्त मत्स्याच्या पानांवर काढायचे मासे मी एकदा मोजले: पंचावन्न. हाताच्या तळव्यात मावणाऱ्या गोल पानांवर पंचावन्न मासे, सगळे एका जातीचे, एका वळणाचे, आणि तरी पंचावन्नावा कंटाळलेला दिसता कामा नये. मग कूर्माची पाळी. राजवाड्यात बसून हे काम करणारे हात मी पाहिले आहेत. चाळीसाव्या माशाला चेहऱ्यावर काय असतं, ते मी तेव्हा मुद्दाम बघितलं. काही नसतं. शेंगा सोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथ्यांवर तर सहीसुद्धा नाही. एकेक चित्र पुढे करत, गात गोष्ट सांगायची. कोणी काढलं हा प्रश्न गोष्टीत येतच नाही. आणि त्याहून मागे जायचं तर राजापूरकडच्या कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, हत्ती आहे, जांभ्या दगडात कोरलेला, जवळपास 18 मीटर लांब. उभं राहून तो दिसत नाही, पायाखाली नुसत्या रेघा दिसतात. कोणी काढला, कधी, कशासाठी, यावर अभ्यासक बोलत राहतील. मी तिथे गेले तेव्हा एप्रिल होता, सडा तापलेला, चपलेतून चटके बसत होते, आणि माझ्या मनात एकच विचार आला: याला पाणी कोण आणून देत होतं?

व्हॅन गॉगबद्दल दोन शब्द बोलते, कारण तो प्रत्येक गप्पेत येतोच. माझ्या एका मावसदिरांना चित्रकलेतली एवढीच गोष्ट माहीत आहे आणि ते प्रत्येक लग्नात मला विचारतात, "काय वहिनी, कान आहेत ना जाग्यावर?" त्या माणसाने कान कापला ती एक रात्र, 1888 च्या डिसेंबरातली. ती सगळ्यांना पाठ. पण चित्रं काढण्याची सगळी मिळून दहा वर्षं त्याला मिळाली आणि त्यात त्याने साडेआठशेच्या वर तैलचित्रं केली. भावाला लिहिलेल्या पत्रांत अमुक रंगाच्या इतक्या नळ्या पाठव, कॅनव्हास इतके मीटर पाठव, अशा याद्याच्या याद्या आहेत. त्या याद्या मला जवळच्या वाटतात. माझ्या कुरिअरच्या याद्यांसारख्या. तो आजारी होता आणि तरीही काम करत होता. लोकांनी वाचलं ते असं, की आजारी होता म्हणून काम करत होता. पहिलं वाचलं तर त्याची दया येते, दुसरं वाचलं की आपल्या न केलेल्या कामाला निमित्त मिळतं. रविवर्म्याबद्दल मात्र कोणी असं काही विचारत नाही, कारण त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, देव घराघरांत पोचवले, आणि छापखाना काढणारा माणूस वेडा कसा वाटणार.

पोशाखाची गोष्ट राहिली. सात-आठ वर्षांपूर्वी मुंबईत एका दालनात आम्हा चौघांचं प्रदर्शन होतं. माझा भाचा सोबत आला होता, सामान उचलायला. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. केस खांद्यापर्यंत, मागे बांधलेले, कानात बाळी, काळा कुर्ता. चित्रातलं त्याला काही कळत नाही, आणि तो तसं प्रामाणिकपणे सांगतो. उद्घाटनाला एक गृहस्थ आले, माझ्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि मग सरळ जाऊन त्यांनी भाच्याचे दोन्ही हात हातात घेतले. "काय संयम आहे तुमच्या रंगात!" भाचा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी लांबून खूण केली, घे. त्याने घेतलं. एवढंच नाही, "समुद्राशी वाढलात का?" असं विचारल्यावर "आजोळ तिथलं" म्हणाला, जे खरं आहे. त्या गृहस्थांनी चित्र घेतलं. माझ्याशी ते एकदाच बोलले, चहा कुठे मिळेल ते विचारायला.

आता खरं सांगते. पुढच्या प्रदर्शनाला मी हातमागाची साडी नेसून गेले. मोठं कुंकू लावलं, गळ्यात काळी पडलेली चांदी घातली. लोक माझ्याशी बोलायला आले. पाच चित्रं गेली. आधीच्या वेळी दोन गेली होती. म्हणजे ज्या साच्याला मी एवढ्या शिव्या घालते त्यात मी पैसे घेऊन बसले आहे, आणि ती साडी अजून कपाटात वर, हाताशी ठेवलेली आहे. घरी मी मॅक्सी घालते, खांद्यावर टॉवेल. त्या टॉवेलला माझं संपूर्ण पॅलेट पुसलेलं आहे आणि मला विचाराल तर तोच टांगायला हवा.

आवडीनिवडीही लोकांना अपेक्षित तशा नाहीत. चित्र काढताना मी शास्त्रीय संगीत लावत नाही; क्रिकेटचं समालोचन लावते. कसोटी असेल तर उत्तम. पाच दिवस एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगत राहतो आणि बराच वेळ काही घडत नाही, याच्याइतकी जलरंगाला साजेशी सोबत नाही. आमच्या देवघरात लक्ष्मीची जी तसबीर आहे ती कॅलेंडरातून कापलेली आहे आणि मला ती मनापासून आवडते, थट्टेने नाही. हत्तीच्या सोंडेतली ती माळ बघा, किती सावकाश काढलीय. पावसाळ्यात लोक घराच्या पावळीला निळ्या ताडपत्र्या बांधतात, त्याला 'कोकणाचं सौंदर्य गेलं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. शेवाळलेला हिरवा, जांभ्याचा लाल आणि मध्ये तो उर्मट निळा. कोणाची छाती होती असा रंग शेजारी ठेवायची?

जांभ्याबद्दल तर मी तासभर बोलू शकते. बाहेरचे लोक त्याला विटकरी म्हणतात. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, रंगाने पिकल्या जांभळाच्या आतल्या भागासारखा, पिवळ्या शिरांचा. वारा लागला की तो घट्ट होत जातो. दोन पावसांनी काळवंडतो, मग त्यावर करडी बुरशी, मग पोपटी शेवाळ, आणि मार्चमध्ये ते शेवाळ वाळून गंजासारखं होतं. एका गडग्यात मला अकरा रंग सापडले आहेत. रंगांच्या पेटीत त्याचं नाव 'बर्न्ट सिएना', इटलीतल्या एका गावाच्या मातीवरून. चालायचंच.

न आवडणारी गोष्ट एक: सूर्यास्त. आणि तोच सगळ्यांना हवा असतो. आमच्या बाजूला पर्यटन वाढल्यापासून घरगुती निवासवाले येतात: बारा खोल्या आहेत, बारा चित्रं द्या, माड, होडी, मावळता सूर्य. मी देते. त्या पैशांतून छप्पर शाकारलं, कौलं काचेची झाली, आणि त्या कौलांच्या उजेडात मी माझं काम करते, तेव्हा सूर्यास्ताला नाक मुरडायचा अधिकार मी स्वतःला फारसा देत नाही. फक्त समुद्राचं चित्र म्हणजे तेवढंच नव्हे, हे कोणाला बघायचं असेल तर प्र. अ. धोंडांची जलरंगातली चित्रं शोधून बघावी. कागदाला किती कमी ठिकाणी हात लावलाय, तेवढं मोजलं तरी पुरे.

आणि अलिबागजवळच्या सासवन्याला जावं, शिल्पकार करमरकरांच्या घरी. देवळाच्या भिंतीवर या पोराने काढलेला शिवाजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या कलेक्टराने, ऑटो रॉथफील्डने पाहिला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं, ही गोष्ट सगळे सांगतात. 1928 सालचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी त्यांचाच. पण मी थांबले ती त्यांच्या म्हशीपाशी. सिमेंटची, बसलेली. पोट जमिनीवर टेकलं की म्हशीची कातडी जिथे दुमडते, तिथली घडी त्यांनी पकडली आहे. त्या घडीसाठी माणसाला गोठ्यात किती वेळ बसावं लागलं असेल. म्हशीच्या गोठ्यात, डासांत.

माझ्या चित्रावर आजवर झालेली सगळ्यात खरी टीका मात्र वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारातली आहे. पाच बांगड्यांचं एक चित्र चौकटीला देऊन मी घरी नेत होते. माझी नेहमीची मासळीवाली मावशी, जिच्याकडून मी वीस वर्षं मासे घेते, म्हणाली, "बघूया गो काय ता." कागद सोडून दाखवलं. तिने ओल्या हातानेच चौकट धरली, लांब धरून बघितली. मला वाटलं म्हणेल, बरां काढलंस. ती म्हणाली, "ह्ये कालचे."

"कालचे म्हणजे?"

"शिळे गो. डोळे बघ तेंचे. बसलेत."

मी चित्र मार्चमध्ये तीन दिवस काढत होते. बांगडे बर्फात ठेवून, काढून, परत ठेवून. अंगाचा तो हिरवा-निळा मला साधला होता, पाठीवरच्या रेघा साधल्या होत्या, आणि डोळा मी तिसऱ्या दिवशी काढला होता. ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर, पाणीदार असतो. मी जे समोर होतं ते प्रामाणिकपणे काढलं होतं, शिळं. जे. जे.मधल्या पाच वर्षांत हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. ते चित्र मी विकलं नाही. पडवीत टांगलंय, टेबलासमोर.

गेल्या वर्षी नागपंचमीनंतर आठ दिवसांनी चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. "आत्ये, पाट इले. डोळे काढूक येतलंस मां?" बाबा गेल्यापासून डोळे मीच काढते. मूर्ती पोरं करतात, रंग फवाऱ्याच्या यंत्राने देतात, बाबांच्या तिप्पट वेगाने. डोळ्यांना यंत्र नाही.

बाबा डोळ्यांची आखणी करत त्या सकाळी चहासुद्धा घेत नसत. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसायचे. शाळेत कोणी बोललेलं चालत नसे. आम्हा पोरांना अंगणात हाकलून द्यायचे. मला मोठी झाल्यावर हे विचित्र वाटायचं. जो माणूस मूडला 'चवथीक सांगून ये' म्हणतो त्याचं हे काय, हा मूडच नाही का? एकदा विचारलंही. ते म्हणाले, "हात हलता गो चहान." मला ते उत्तर पुरलं नाही, अजूनही पुरत नाही. चहाने हात हलतो तर बोलण्याने काय हलतं?

तर मी गेले. चवथीला पाच दिवस राहिलेले. बाहेर पाऊस कोसळत होता, आत एकोणसाठ गणपती पांढऱ्या डोळ्यांनी समोर बघत बसलेले. न काढलेल्या डोळ्यांची ती खोली रात्री एकट्याने बघू नये. पोराने रेडिओ लावलेला होता, कसोटी सामना चालू होता, मला आवडतो म्हणून मुद्दाम लावला होता त्याने. कोपऱ्यात थर्मासमध्ये चहाही होता.

मी पाटावर बसले, तीन नंबरचा कुंचला ओठांत धरून टोक केलं, काळा रंग पाहिला. पहिला गणपती पुढे सरकवला. पाटाची पाठ बघितली, आमच्या वाडीतल्याच एका घराचं नाव, मुलं मुंबईला असतात, रेल्वेचं तिकीट मिळालं तर येतात. हात उचलला आणि परत खाली ठेवला.

"रेडियो बंद कर रे."

"आत्ये, चार विकेट पडल्यात."

"बंद कर. आणि त्या पोरांका भायर घाल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि बंद केला. कौलांवरचा पाऊस तेवढा राहिला. मी उजव्या डोळ्याची वरची रेघ काढली. मग डाव्याची. मग बुबुळं. मग त्या बांगड्यांची आठवण ठेवून अगदी शेवटी, सुकल्यावर, पांढऱ्याचा एकेक ठिपका.

"दुसरो आण," मी म्हटलं.

साडेअकराला वीज गेली. तेवीस झाले होते. तो मोबाइलची बॅटरी धरून माझ्या खांद्यामागे उभा राहिला, आणि त्याचा हात हलायला लागला की मी म्हणायचे, नीट धर.